मदत हवी आहे: स्टारबक्सची चीनमधली खरी वाढ कशी काढायची?

एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये एका आकड्यापाशी अडकलेय. शांघाय, जिआंगसू आणि झेजिआंगमधली स्टारबक्सची तेराशेच्या वर दुकानं आधी भागीदारीत होती. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भागीदारांचा ५० टक्के हिस्सा सुमारे १.३ अब्ज डॉलरला घेतला. तोवर तिथल्या गल्ल्यातली विक्री तिच्या महसुलात धरलीच जात नव्हती. नफ्यातला वाटा, रॉयल्टी वगैरे यायचं. म्हणून २०१८ चा महसूल नुसता फुगलेला दिसतो.

वार्षिक अहवाल चाळले. जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ मिळाली, पण तिच्यात नवी दुकानं धरत नाहीत, आणि चीनमधली खरी गंमत तर नव्या दुकानांतच आहे! विकतचा डेटा परवडणार नाही, चिनी वाचता येत नाही. फक्त जाहीर अहवालांवरून खरी वाढ आणि ही हिशोबातली उडी वेगळी कशी करायची?