वाटेत मित्राचं गाव लागतं तेव्हा

मुंबईहून गोव्याला जाताना हातखंब्याला उजवीकडे वळलं की १२-१३ किलोमीटरवर रत्नागिरी. डिसेंबरात आम्ही वळलो. कॉलेजातला मित्र तिथे असतो, म्हटलं चहा घेऊन निघू. थिबा राजवाडा बघायचा होता. ब्रह्मदेशाचा राजा इंग्रजांनी इथे आणून ठेवला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मित्र म्हणाला, "राजा कुठे जात नाही. आधी मिरकरवाड्याला चल, आईने मासळी सांगितलीय." तिथे त्याने बांगड्याचे कल्ले बोटाने उघडून दाखवले. "लालभडक हवेत. तपकिरी दिसले की पुढे सरकायचं." घरी काकू म्हणाल्या, "चहापुरतं येतात होय रे?" राजवाडा राहिलाच. मुक्काम झाला.

तुमच्या वाटेवर कोण राहतं? लिहा.

अलिबागची वाट
मैत्रिणीकडे गेलो, लगेच म्हटलं कुलाबा किल्ला बघू. ओहोटीला चालत जाता येतं एवढं ठाऊक होतं. तिने कालनिर्णय बघितलं: पंचमी. "पाच पाऊणे पावणेचार. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमारास. साडेअकराच्या आत परत." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तिला आजोबांनी शिकवलेलं. माझ्याकडे मोबाइल होता, पण हिशेब तिचाच मानला. परतताना पाणी घोट्यापर्यंत आलंच होतं. चपला हातात.

नागपूर ते विशाखापट्टणम
रायपूर, जगदलपूर करत पोचलो. किनाऱ्यावरची कुरसुरा पाणबुडी बघायची हौस मला. मित्र नौदलातला. "तू जा, मी बाहेर बसतो. सुट्टीच्या दिवशी पाणबुडीत शिरत नाही मी." तासाभराने आलो तर गडी बाकावर घोरत होता.

रत्नागिरीकर
मी उलट्या बाजूचा. मे महिन्यात दर शनिवारी रात्री नऊला फोन: "अरे, हातखंब्यावर आहोत, वाटेतच आहेस म्हणून." पाच माणसं, दोन लहान मुलं, शिवाय एकाला मासे चालत नाहीत. या हो, जरूर या, घर तुमचंच आहे. फक्त फोन चिपळूणहून करा. तेवढ्यात मासळी आणता येते, बायको निवांत वाटण करते. हातखंब्याहून केलात तर कुळथाची पिठी आणि भात.

धागाकर्ता
पिठीवर तूप असेल तर आम्ही हातखंब्याहूनच करू.