फिट्स येणाऱ्या मुलासाठी घरी कॉम्प्युटरवरचं 'ब्रेन ट्रेनिंग': कोणी शेवटपर्यंत केलंय का?

खिडकीतली

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. साडेसहाव्या वर्षी पहिली फिट आली, मग दोन वर्षं औषधं बदलण्यात, डोस वाढवण्यात गेली. गेले अकरा महिने एकही फिट नाही. डॉक्टर खूश आहेत. आम्हीही असायला हवं, पण आता दुसरंच दिसायला लागलंय, जे फिट्सच्या धावपळीत बहुधा झाकलं गेलं होतं.

"दप्तर जागेवर ठेव, बाटली धुवायला टाक आणि गणिताची वही घेऊन ये" असं सांगितलं की तो वही घेऊन येतो. दप्तर दारात, बाटली दप्तरात. आळस म्हणावा तर तसं नाही, त्याच्यापर्यंत शेवटचंच पोचलेलं असतं. फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळ लिहून मान वर केली की आपण कुठे होतो हेच सापडत नाही. काल धडाधड म्हटलेला सातचा पाढा आज कोरा.

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी वर्किंग मेमरीसाठी (ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) कॉम्प्युटरवर घरी करायचा एक कार्यक्रम सुचवलाय. पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा-पाऊण तास. जाहिरातीत अर्थातच सगळी मुलं हसतायत.

मला तीन गोष्टी हव्यात. एक, खरंच फरक पडतो का? दोन, रोज एवढा वेळ स्क्रीनसमोर बसवून फिट येणार नाही ना? तीन, पाच वर्षांची धाकटी खांद्यावरून डोकावत असताना हे घरात जमवायचं कसं?

---

उलटे_आकडे

ताई, आम्ही केलंय. पंचवीसच्या पंचवीस दिवस. तेव्हापासूनच माझं इथलं नाव हे आहे.

मुलगी तेव्हा दहाची होती. खेळ म्हणजे काय, तर चौकटीत दिवे एकेक करून लागतात, त्याच क्रमाने क्लिक करायचं. नाहीतर आवाज आकडे सांगतो आणि ते शेवटापासून पहिल्यापर्यंत दाबायचे. ४-९-२ ऐकलं तर २-९-४. बरोबर आलं की पुढच्या वेळी एक वाढतो, चुकलं की एक कमी होतो. ऐकायला सोपं वाटतं, पण याचा अर्थ असा की मूल कायम आपल्या कुवतीच्या कडेवरच उभं असतं. कितीही सुधारलं तरी चुकतच राहतं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने माऊस आपटला आणि म्हणाली, "बाबा, हा मला मुद्दाम हरवतो." खरंच होतं तिचं. तुमच्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी उलटे आकडे तीन यायचे, शेवटी पाच. दिवे चारावरून सहावर गेले. गणिताचे मार्क होते तिथेच राहिले. तोंडी हिशोबात हातचा आता ती कमी वेळा विसरते असं मला वाटतं, पण मी बाप आहे, मला वाटणारच.

आता खरी गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मी रोज एका वहीत टिपणं ठेवत होतो: किती वाजता बसलो, आदल्या रात्री किती झोपली, कुठल्या पातळीवर थांबली. आठव्या दिवशी लक्षात आलं की चुका दोन जातीच्या आहेत. एक नेहमीची: २-९-४ च्या जागी २-४-९, तीही झटकन दाबलेली, कारण पोरगी उतावळी. दुसरी मात्र चूकच नव्हती, ती रिकामी जागा होती. आकडे सांगून झाले, ती बसलीय, काही दाबलंच नाही, वेळ संपला, पुढचं सुरू. विचारलं तर म्हणायची, "आवाज आलाच नाही." मी दोन दिवस स्पीकरला शिव्या घातल्या.

दहाव्या दिवशी स्क्रीनकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत बसलो. बोट माऊसवर थांबलं, पापण्या किंचित फडफडल्या, नजर स्क्रीनच्या पलीकडे कुठेतरी. सहा-सात सेकंद. मग जणू मध्ये काही झालंच नाही अशी ती पुढच्या आकड्यांना तयार! त्या एका बैठकीत असं चार वेळा झालं. मी फोनवर व्हिडिओ घेतला आणि डॉक्टरांना दाखवला. ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) करताना तिला तीन मिनिटं जोरजोरात फुंकर मारत राहायला सांगितलं आणि मशीनवर तेच उमटलं. ॲब्सन्स, म्हणजे अंग न झाडता काही सेकंद भान हरपणारी फिट. अंग झाडत येणारी मोठी फिट थांबून वर्ष झालं होतं म्हणून आम्ही सुटलो असं धरून बसलो होतो. शाळेत या सेकंदांना "लक्ष नसतं" म्हणत होते. घरी आम्ही "तंद्री" म्हणत होतो, आणि चक्क कौतुकाने!

डॉक्टरांनी औषधात बदल केला. मधे तीन आठवडे खेळ बंद ठेवला, मग उरलेले दिवस पूर्ण केले. रिकाम्या जागा हळूहळू बंद झाल्या आणि पातळी एकदम वर गेली. आता सांगा, ही सुधारणा कोणाच्या खात्यात टाकायची? कार्यक्रमवाल्यांच्या आलेखात ती त्यांच्याच खात्यात पडलेली आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: करा, पण पहिले काही दिवस स्क्रीनकडे बघू नका, मुलाकडे बघा.

---

ओसरी

वरचा प्रतिसाद वाचून काटा आला. पण मूळ मुद्द्यावर मी जरा थंड पाणी ओतणार आहे.

"मेंदू तल्लख करा"वाल्यांवर विश्वास बेतानेच ठेवा. लुमोसिटी हे असंच मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले, कारण शाळेत-कामात प्रगती होईल, वयानुसार येणारा विसराळूपणा लांबेल असे दावे पुराव्याशिवाय केले होते. खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. यापलीकडचं कोणी विकत असेल तर दाखव म्हणावं.

---

मोजपट्टी

मी मुलांच्या स्मृती-लक्षाच्या चाचण्या घेते, त्यातली बरीच मुलं एपिलेप्सीची, म्हणजे फिट्सच्या आजाराची असतात. ओसरी यांचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळं एका पिशवीत घालू नये.

वर्किंग मेमरीचं असं प्रशिक्षण स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या कामातून पुढे आलं, मुळात एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त) असलेल्या मुलांसाठी. कॉगमेड हे त्याचंच बाजारातलं रूप, आणि पाच आठवड्यांचं, पंचवीस बैठकांचं वेळापत्रकही तिथलंच. एपिलेप्सी असलेल्या मुलांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'एपिलेप्सिया' या नियतकालिकात आले. शीर्षकातच म्हटलंय की परिणाम जवळचा आहे. म्हणजे सराव केलेल्या गोष्टीच्या शेजारच्या गोष्टी, आकडे किंवा जागा लक्षात धरणं, सुधारतात. तिथून वाचन, गणित, वर्गातलं वागणं इथवर तो पोचतो का, हा प्रश्न एपिलेप्सी नसलेल्या मुलांच्या बाबतीतही वादातच आहे. मेलबी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता आणि त्यांचा कौल फारसा आशादायक नव्हता. उलटे_आकडे यांच्या वहीत नेमकं हेच आलंय: तीनाचे पाच झाले, मार्क जागच्या जागी.

खिडकीतली, मी तुमच्या जागी असते तर कार्यक्रमाचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारल्या असत्या. एक औषधाबद्दल. टोपिरामेटने काही मुलांना शब्द सापडेनासे होतात, विचार संथ होतो. फेनोबार्बिटलने लक्ष आणि वागणूक बिघडू शकते. ॲब्सन्सच्या मुलांच्या २०१० सालच्या मोठ्या तुलनेत व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांचं लक्ष एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरलं होतं. याचा अर्थ स्वतःच्या मनाने गोळी कमी करा असा मुळीच नाही. अचानक बंद केलेलं औषध हे फिट ओढवून घेण्याचं सोपं कारण आहे. पण "हा विसराळूपणा कधी सुरू झाला, डोस वाढवल्यावर का?" हे तारखांसकट विचारण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. आधी येत असलेलं गेलं असेल, भाषा, पाढे, बटण लावणं मागे चाललं असेल, तर खेळाचा विचार बाजूला ठेवून झोपेतला ईईजी कधी झाला होता ते बघा. काही मुलांत दिवसा फिट दिसत नाही आणि झोपेत मेंदूत रात्रभर विजेची स्फुरणं चालू असतात. त्यावर इलाज डॉक्टरांचा, माऊसचा नाही. तुमच्या वर्णनात तसं मागे जाणं मला दिसत नाही. पाढा एक दिवस येतो, एक दिवस नाही, हे वेगळं. पण मी मुलाला पाहिलेलं नाही.

स्क्रीनची भीती बहुतेकांना असते तेवढी नको. प्रकाशाच्या लुकलुकीने फिट येणारे एपिलेप्सीवाल्यांमध्ये शंभरात तीनेक असतात, मात्र मुलं आणि किशोरवयात हे जास्त आढळतं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हापासून हा विषय घरोघरी पोचला. तुमच्या मुलाच्या ईईजीत डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला होता का आणि काय आलं, ते रिपोर्टमध्ये असतं. त्यात काही निघालं नसेल तर खोलीत दिवा चालू ठेवा, नाक स्क्रीनला टेकू देऊ नका, एवढं पुरे. बक्षिसाच्या वेळी स्क्रीन भराभर चमकवणारे काही खेळ असतात, ते आधी स्वतः खेळून बघा. लुकलुकीचा त्रास असलेल्या मुलाला अचानक काही झगमगलं तर एक डोळा तळहाताने झाकून तोंड फिरवायला शिकवतात. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत येतोच.

माझा अनुभव असा की स्क्रीनपेक्षा त्यापायी गेलेली झोप जास्त महाग पडते. रात्री नऊला "आजचं राहिलंय" म्हणून मुलाला बसवणारे आई-बाप मी पाहिलेत.

---

उलटे_आकडे

मोजपट्टी ताई, नऊ वाजता बसवणारा तो बाप मीच. दोनदा. वहीत आहे.

धाकटीचं राहिलंच. आमच्याकडे उलटं होतं, मोठा भाऊ तेराचा, आणि तो मागून उत्तरं पुरवायचा. शेवटी त्यालाच काम दिलं: वही त्याने लिहायची, रिकाम्या जागी टिंब, चुकीला फुली. तोंड बंद झालं. पाच वर्षांच्या मुलीला टिंबं जमतील की नाही ते तुम्ही बघा, पण काहीतरी काम द्या.

आणि पाऊण तास एका दमात जमेना म्हणून आम्ही दोन तुकडे केले, मधे दहा मिनिटं उड्या. कार्यक्रमाला चालतं का विचारलंच नाही.

---

ओसरी

पैसे न भरता पत्ते उलटे मांडून जोड्या लावायचा खेळ खेळलात तर काय बिघडेल? प्रामाणिक प्रश्न आहे.

---

मोजपट्टी

काहीच बिघडणार नाही, आणि मुलाला मजाही जास्त येईल. फरक एवढाच की कॉम्प्युटर प्रत्येक वेळी पातळी हलवतो आणि नोंद ठेवतो. माणूस तिसऱ्या दिवशी दया येऊन हरतो.

शाळेशी बोलणं मात्र खेळासाठी थांबवू नका. एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवलेला. हे उद्या सकाळपासून होऊ शकतं आणि त्याला पंचवीस दिवस लागत नाहीत.

---

खिडकीतली

मंडळी, दोन आठवड्यांनी उत्तर देतेय, माफ करा.

आधी डॉक्टरांकडे गेलो. जुन्या ईईजीत लुकलुकत्या दिव्याने काही आलेलं नव्हतं, रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं आहे, मी तीन वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. घरातल्या जुन्या वह्या उलगडल्या. डोस दोनदा वाढला होता, पण विसराळूपणा त्याच्या आधीपासून दिसतो. पहिलीच्या बाईंनी वहीत "सूचना पुन्हा सांगावी लागते" लिहून ठेवलंय, फिट यायच्याही आधी. डॉक्टर म्हणाले, औषध आहे तेच राहू दे. खेळालाही हरकत नाही म्हणाले, जागरण तेवढं नको.

मग सुरू केलं. आज नववा दिवस. शाळेतून आल्यावर अर्धा तास लोळून मग वीस अधिक वीस मिनिटं. पहिले पाच दिवस मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले, तर तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, तू पोलीस आहेस का?" रिकामी जागा एकही नाही. चुका भरपूर. उलटे आकडे अजून तीनच, एकदा चार आले तेव्हा धाकटीने टाळ्या वाजवल्या आणि त्या गडबडीत पुढचे तीन गेले. तिला आता दाराजवळ बसून संपलेल्या प्रत्येक फेरीला डब्यात एक बटण टाकायचं काम आहे.

दप्तर अजून दारातच असतं. पण परवा वही घेऊन आला, माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "आणि दोन होते ना?" कुठले दोन ते आठवत नव्हतं, होते एवढं आठवत होतं. खेळामुळे झालं, की मी सूचना तोडून सांगायला लागले त्यामुळे, की सहजच, मला सांगता येणार नाही.

उलटे_आकडे दादा, एक विचारायचं राहिलं. आजारपणामुळे मधले दोन-तीन दिवस चुकले तर तुम्ही पुढे मोजत होतात की आठवडा पुन्हा पहिल्यापासून? याला कालपासून सर्दी आहे.

---

उलटे_आकडे

पुढे मोजत होतो. आणि सर्दी-ताप असेल तर बसवूच नका, आमच्याकडे तापात फिट यायची भीती वेगळी आणि आकडे तसेही दोनवर येतात. बरा झाला की पहिला दिवस एक पातळी खाली निघेल, घाबरू नका. वहीत त्या दिवसासमोर 'सर्दी' लिहून ठेवा, नाहीतर महिन्याने तो खड्डा बघून मी घाबरलो तसे तुम्ही घाबराल.