‘सेलआउट’ला मराठीत काय म्हणावे : गल्लाभरू, बाजारू की फितूर?

प्रश्न

अमेरिकी लोकसंगीत-गायक बॉब डिलन याच्यावरच्या एका दीर्घ लेखाचा अनुवाद करीत असताना एका शब्दापाशी अडलो आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलनने कार्यक्रमाचा पूर्वार्ध एकट्याने, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायला, आणि उत्तरार्धात विजेवरची गिटार गळ्यात अडकवून तो साथीदारांसह पुन्हा मंचावर आला. दोन गाण्यांच्या मधल्या उसंतीत प्रेक्षकांतून कोणीतरी ‘जुडास!’ (चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य) असे ओरडले; ध्वनिमुद्रणात ते स्वच्छ ऐकू येते. त्याच्या आदल्या वर्षी, २५ जुलै १९६५ रोजी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातही तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतील काहींनी त्याची हुर्यो उडवली होती. मूळ लेखकाने हा सगळा संताप एका शब्दात बसवला आहे : चाहत्यांच्या लेखी डिलन ‘सेलआउट’ ठरला होता. मी आधी ‘बाजारू झाला’ असे लिहिले, मग ते खोडून ‘विकला गेला’ असे केले. पहिले वाचताना गाणे हलके झाल्यासारखे वाटते आणि दुसरे वाचताना एखादा नगरसेवक डोळ्यांसमोर उभा राहतो. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

‘गल्लाभरू’ हा अस्सल मराठी शब्द हाताशी असताना इतकी शोधाशोध कशासाठी?

प्रतिसाद

‘गल्लाभरू’ मलाही प्रिय आहे, परंतु येथे तो बसणार नाही, कारण तो माणसाला क्वचितच लागतो. गल्लाभरू असते ते नाटक, गल्लाभरू असतो तो चित्रपट. शब्दाची घडण ‘पोटभरू’सारखी आहे, ‘गल्ला’ हा मूळचा अरबी, धान्य किंवा पीक या अर्थाचा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि दुकानदाराच्या पैशांच्या पेटीवर स्थिरावला. या शब्दात थट्टेचा अंश आहे, हेही लक्षात घ्यावे. गल्लाभरू नाटकाला नाके मुरडणारा प्रेक्षक रविवारी दुपारी सहकुटुंब तेच नाटक पाहायला जातो. मँचेस्टरमधली ती हाक थट्टेची नव्हती.

‘बाजारू’ मात्र मी मुळीच वापरणार नाही, आणि त्याचे कारण केवळ अर्थच्छटेचे नाही. या शब्दाच्या शेजारी कोशात ‘बाजारबसवी’ बसलेली आहे. गाण्यावर आणि नाचावर पोट असलेल्या बायकांना हिणवण्यासाठी हा शब्द आपण इतकी वर्षे वापरला आहे, की एखाद्या लावणीला कोणी बाजारू म्हणतो तेव्हा तो लावणीबद्दल बोलतो आहे की लावणी सादर करणारीबद्दल, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. असा शब्द मिनेसोटाच्या एका तरुण गायकाला चिकटवला, तर शिवी तेवढी पोहोचेल, आरोप पोहोचणार नाही.

‘धंदेवाईक’ कोणी सुचवण्याआधीच त्याविषयीही लिहून टाकतो. जुन्या लेखनात ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ अशी नाटक मंडळ्यांची सरळ विभागणी दिसते आणि तिथे धंदेवाईक म्हणजे त्यावर उपजीविका करणारे, इतकेच. ती जागा पुढे ‘व्यावसायिक’ने घेतली आणि धंदेवाईकच्या वाट्याला फक्त तुच्छता उरली.

आता मुद्द्याकडे येतो. कलावंताने पैसे घेतले म्हणून मराठी माणूस सहसा चिडत नाही. पैसा कोणी दिला आणि कसा दिला, यावर त्याचे बारीक लक्ष असते, आणि त्यासाठी त्याने वेगवेगळे शब्द राखून ठेवले आहेत. ख्यालगायकाला बिदागी मिळते. व्याख्यात्याला मानधन मिळते. नाटकातल्या नटाला नाइट मिळते. संगीत बारीत नाचणाऱ्या बाईवर दौलतजादा होते. तमाशाच्या फडाला मात्र सुपारी मिळते : नारायणगावला चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी तेथे येऊन फडमालकासमोर बसतात, तारीख आणि रक्कम यांवर घासाघीस होते, इसार हातावर पडला की सुपारी ठरली. लग्नात वाजवणारे बँडवाले आणि ऑर्केस्ट्रावाले आजही ‘या महिन्यात चार सुपाऱ्या आहेत’ असेच म्हणतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. तोच शब्द गुन्हेगारी जगाने खुनासाठी उचलला, आणि तेथून तो ‘सुपारी घेऊन लिहिणारा’ पत्रकार व ‘सुपारी घेऊन बोलणारा’ वक्ता यांच्यापर्यंत आला. ‘सेलआउट’मधला पैशाचा भाग मराठीत कोठे राहत असेल, तर तो येथे. परंतु सुपारीला देणारा लागतो, ठरलेले काम लागते. डिलनला विजेची गिटार वाजव म्हणून कोणी सुपारी दिल्याचा आरोप त्या प्रेक्षकांनीही केला नव्हता.

माझे मत असे, की इंग्रजी शब्द दोन आरोप एकत्र करतो : तू आमची रीत सोडलीस, आणि ती पैशासाठी सोडलीस. मराठीत हे दोन आरोप सहसा वेगवेगळे केले जातात. किशोरीताई आमोणकरांनी जयपूर-अत्रौली गायकीत आलापीला जी ऐसपैस जागा दिली, तिच्यामुळे कर्मठ श्रोते रुष्ट झाले. घराण्याची शिस्त मोडली, असे ते म्हणाले. पण किशोरीताईंना कोणी गल्लाभरू म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. उलट गल्लाभरू चित्रपटाला पाच-सहा ठराविक चालींची गाणी देणाऱ्या संगीतकाराने रीत मोडली, अशी तक्रार कोणी करीत नाही, कारण तो बिचारा रीत पाळूनच गल्ला भरीत असतो. डिलनच्या बाबतीत दोन्ही धागे एकमेकांत गुंतले. १९६५ मध्येच विजेच्या वाद्यांसह केलेले त्याचे एक गाणे अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, त्यामुळे पैशाचा संशय घ्यायला जागा होती. पण सभागृहातली खरी जखम ही, की आपला गडी पलीकडच्या गोटात गेला.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे : फितूर. फितुरीत पैसा, वतन किंवा पद यांचे आमिष असू शकते, पण शब्दाचा गाभा आतून फुटण्याचा आहे. न्यायालयात साक्ष फिरवणारा साक्षीदार आपण आजही फितूर झाला असेच म्हणतो. फितूर परक्याला म्हणताच येत नाही, त्यासाठी तो आधी आपला असावा लागतो.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. दोन शंका उरतात. ‘फितूर’ म्हटले की वाचकाला सूर्याजी पिसाळ आठवेल. मग ‘जुडास’च्या जागी थेट तेच नाव घालावे काय? दुसरे असे, की मूळ लेखक पुढे म्हणतो, डिलनने त्या ‘जॉनर’चे, म्हणजे संगीतप्रकाराचे, नियम झुगारले. मी ‘चाकोरी सोडली’ असे केले आहे.

प्रतिसाद

जुडासचा सूर्याजी करू नये. मँचेस्टरच्या सभागृहात रायगड आणून ठेवण्यात गंमत असेल, पण ओरडणाऱ्याच्या तोंडी चांदीची तीस नाणी होती, वाईची देशमुखी नव्हती. वसईच्या किंवा अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती वाचकाला यहूदा इस्कर्योत पाठ असतो, इतरांनाही जुडास आता ठाऊक आहे. शिवाय त्या एका नावात पैसा आणि घरभेद दोन्ही आहेत, म्हणून हाक तशीच राहू द्यावी आणि तिचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यात उलगडावा.

प्रतिसाद (वर ‘फितूर’ सुचवणाऱ्याचाच)

जुडासबाबत सहमत आहे. ‘चाकोरी’बद्दल मात्र सावध राहावे. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी मातीत पडलेली खोल वाट; बैल डुलकी घेत चालला तरी गाडी तिच्यातून बाहेर पडत नाही. हे चित्र शब्दात इतके पक्के आहे, की ‘चाकोरीबाहेरचा’ ही आज शाबासकी झाली आहे. म्हणजे ‘चाकोरी सोडली’ लिहिताक्षणी आपण डिलनच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होतो, आणि जे श्रोते ती साधी गिटार म्हणजे एक निष्ठा मानत होते, त्यांना बैलगाडीत बसवतो. उलट ‘मर्यादा ओलांडली’ लिहिले, तर निकाल श्रोत्यांच्या बाजूने लागतो. ‘संकेत’ हा शब्द कोणाचीच बाजू घेत नाही. ‘जॉनर’साठी, संगीतापुरते बोलायचे तर, मी ‘बाज’ वापरीन. तबला-सतारीच्या परिभाषेतून आलेला हा शब्द आता कथेलाही लागतो, आणि एका बाजातून दुसऱ्या बाजात जाणे हा मराठीत गुन्हा नाही. (पुल्लिंगी बाज. स्त्रीलिंगी वापरला तर खाट होईल.)

जाता जाता एक गोष्ट, जी तुमच्या अनुवादात येऊ नये, कारण तिला तानपुऱ्याचा वास आहे. ख्यालगायनात जे ठरलेले असते त्याला बंदिश म्हणतात, म्हणजे फारसीतून आलेले बांधणेच. आणि गाणारा त्यातून जे नवे काढतो त्याला उपज, म्हणजे उगवलेले. गवयी या दोहोंना एकमेकांचे वैरी मानत नाही, कारण बांध नसला तर उगवायचे कशात, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. त्यामुळे ‘नियम विरुद्ध स्वातंत्र्य’ अशी जोडी मूळ लेखात पानोपानी येत असली, तर ती मराठीत दर वेळी थोडी कृत्रिम वाटेल. ते वाटणे अनुवादकाच्या माथी मारू नये.

प्रश्नकर्ता

‘सेलआउट’ हा शब्द अनुवादात कोठेच न ठेवता परिच्छेद असा केला आहे : ‘लोकसंगीताच्या बाजाचे संकेत त्याने मोडले, एवढ्यावर ते थांबले नसते. पण त्याची नवी गाणी खपतही होती, आणि म्हणून त्यांच्या लेखी तो फितूर ठरला.’ पहिल्या वाक्यातील ‘ते’ म्हणजे श्रोते की संकेत, असा घोळ होतो, असे टंकलेखन करणाऱ्या ताईंनी दाखवून दिले. तेवढे दुरुस्त करून पाठवतो.