मदत हवी आहे: रीफ टाकीचा पीएच पहाटे ७.७ च्या खाली, प्रोबवर विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वन बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये साधारण २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी) आणि स्किमर (हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र). दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे ते ठेवलेले नाहीत. झोॲन्थिड, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर असे मऊ प्रवाळ आहेत, क्लाउनफिशची जोडी आहे आणि काही गोगलगायी.

कंट्रोलरला पीएच प्रोब (सतत पीएच मोजणारी कांडी) जोडल्यापासून आलेख बघून झोप उडाली आहे. रात्री दिवे बंद झाले की पीएच उतरायला लागतो आणि पहाटे ७.६८ पर्यंत जातो. दिवसभर चढून संध्याकाळी ७.९५, त्याच्या वर कधीच नाही. रात्री थोडा उतरणार हे माहीत आहे, प्रकाश नसला की शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढत नाही. पण समुद्राचं पाणी ८.१ च्या आसपास असतं आणि माझी टाकी भर उजेडातही तिथे पोचत नाही. पीएचची मोजपट्टी लॉगची, ०.३ ने घसरला म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट. म्हणून हा फरक मला किरकोळ वाटत नाही. खडकांवरचं जांभळट कोरलाइन शेवाळही वाढायचं थांबल्यासारखं दिसतंय.

बाकी आकडे: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची क्षमता) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, सॅलिनिटी १.०२५, तापमान २६. प्रोब ७ आणि १० च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट केला आहे, मात्र १० च्या बफरची बाटली बरेच दिवस उघडी आहे. थेंबांच्या टेस्ट किटवर रंग ७.८ आणि ८.० च्या मधला वाटतो, ट्यूबलाइटखाली एक आणि खिडकीशी दुसरा.

दुकानदार पीएच वाढवायची पावडर रोज टाका म्हणतो. कारण कळल्याशिवाय मला पाण्यात काहीही घालायचं नाही. प्रोब चुकतोय, की पाणी खरंच असं आहे? आणि हे ठरवायचं कसं?

प्रतिसाद

पावडर टाकली नाहीत हे फार चांगलं केलंत. अल्कलिनिटी ८.२ असताना पीएच एवढा कमी, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. पावडरने अल्कलिनिटी रोज वाढत जाईल, पीएच दोन-चार तास वर जाईल आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा खाली. खायच्या सोड्याने तर तेवढंही होत नाही.

आधी प्रोब. उघडा राहिलेला १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि प्रत्यक्षात ९.८ वगैरे होतो. त्याला १० समजून कॅलिब्रेट केलं तर टाकीचं रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येईल, कमी नाही. म्हणजे तुमचा पीएच दिसतोय त्याहूनही खाली असू शकतो. ताजा बफर आणाच. दुसरी शंका पंपातून झिरपणाऱ्या विजेची. टाकीचं पाणी ग्लासात काढून लगेच प्रोब बुडवा. टाकीत आणि ग्लासात आकडा सारखाच आला तर तो संशय मिटला. आणि प्रोब बाजूला ठेवताना साध्या किंवा आरओ पाण्यात ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज द्रावणच लागतं.

मग खरी परीक्षा. पहाटे दोन ग्लास भरा. एक गॅलरीत, एक हॉलमध्ये, दोन्हीत एअर स्टोन लावून तासभर बुडबुडे सोडा आणि मोजा. गॅलरीतला चढला आणि हॉलमधला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो, बंद खोलीत माणसं झोपली की हजारावर सहज जातो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आत घेत नाही. रात्री हॉलमध्ये कोण झोपतं?

धागाकर्ता

आई, बाबा आणि आम्ही दोघं, चौघंही तिथेच. एसी लावून, दारं-खिडक्या बंद. आणि सहाला डब्यासाठी शेगडी पेटते, स्वयंपाकघर लागूनच आहे.

ताज्या बफरने पुन्हा कॅलिब्रेट केलं. पहाटे टाकीत ७.६४, ग्लासातही तेवढाच. तासाभराने हॉलचा ग्लास ७.७, गॅलरीचा ८.१५. प्रोब खरं बोलत होता!

आई-बाबांना उकाड्यात झोपा असं सांगणार नाही. स्किमरची हवेची नळी बाहेर नेली तर? ड्राय बाल्कनी जवळ आहे, पण तिथे गॅस गीझर आहे.

प्रतिसाद

गीझरपाशी अजिबात नको, जळलेल्या गॅसचा कार्बन डायऑक्साइड थेट स्किमरमध्ये ओढला जाईल. हॉलच्याच खिडकीतून काढा. नळी लांब होणार, म्हणून स्किमरच्या मूळ नळीपेक्षा रुंद घ्या, नाहीतर हवा कमी ओढली जाते आणि फेस बसतो. बाहेरच्या टोकाला स्पंज लावा. पालिकेची डासांची धूरफवारणी किंवा सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी नळी आत घ्या, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कीटकनाशक टाकीतल्या जिवांना फार घातक असतं.

एवढं करूनही पहाटे ७.८ च्या खाली राहिला तर टॉप-अपच्या (वाफ होऊन घटलेलं भरून काढायच्या) पाण्यात चुन्याची निवळी, फक्त रात्री आणि थेंबथेंब, कारण तिचा पीएच १२ च्या वर असतो. त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. पानाचा चुना नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. निवळीने अल्कलिनिटीही वाढते, तेव्हा ती मोजत राहा. तुमचे मऊ प्रवाळ ७.८ वर व्यवस्थित राहतात. आधी नळी लावा आणि आठवड्याभराचा आलेख इथे टाका.