सिरिंज दाबल्यावर तपकिरी रंग फिका व्हायला हवा की गडद?

प्रश्न :
अकरावीला रासायनिक समतोल (उलटसुलट दोन्ही अभिक्रिया सारख्याच वेगाने चालण्याची स्थिती) शिकवताना मी नेहमी रंगहीन डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड आणि तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड यांचे उदाहरण घेतो. पहिल्याच्या एका रेणूपासून दुसऱ्याचे दोन रेणू होतात. त्यामुळे आकारमान घटवल्यास ले शातेलिए यांच्या तत्त्वानुसार (समतोल केलेल्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकतो) समतोल कमी रेणूंच्या बाजूला सरकतो आणि रंग फिका होतो, असे मी सांगत आलो आहे. वायू विषारी असल्याने यंदा वर्गात प्रयोगाची चित्रफीत दाखवली. तिच्यात वायूने भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबताच रंग एकदम गडद झाला, मग थोडा उतरला, पण मूळ रंगापेक्षा गडदच राहिला. विद्यार्थ्यांनी विचारले, तत्त्व चुकते का? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

पहिले उत्तर :
सर, तत्त्व चुकत नाही. ‘समतोल सरकला’ याचा अर्थ लावताना गल्लत होते. आकारमान घटल्यावर तपकिरी वायूचे मोल (म्हणजे रेणूंची एकूण संख्या) कमी होतात, संहती (दर लिटरमागील मोल) मात्र वाढते. २५ अंश सेल्सिअसला समतोल स्थिरांक, म्हणजे तपकिरी वायूच्या संहतीचा वर्ग भागिले रंगहीन वायूची संहती, सुमारे ०.००४६ मोल प्रति लिटर असतो. समजा, एक लिटरमध्ये तपकिरी वायू ०.०१०० मोल आणि रंगहीन वायू ०.०२१७ मोल आहे. आकारमान अर्धा लिटर केल्याक्षणी दोन्ही संहती दुप्पट होतात. पण सूत्राच्या अंशात तपकिरी वायूच्या संहतीचा वर्ग असल्याने अंश चौपट आणि छेद केवळ दुप्पट होतो, म्हणजे गुणोत्तर स्थिरांकाच्या दुपटीवर जाते. ते पूर्ववत होईपर्यंत तपकिरी रेणू जोडीजोडीने एकत्र येतात. गणित सोडवल्यास तपकिरी वायूची संहती ०.०२०० वरून ०.०१४६ वर येते, जी मूळच्या ०.०१०० पेक्षा जास्तच आहे, आणि मोल मात्र ०.०१०० वरून ०.००७३ इतके उरतात.

दुसरे उत्तर :
वरील गणिताला एक पुस्ती जोडतो. सिरिंज बाजूने पाहिली, तर प्रकाशाला वायूतून कापावे लागणारे अंतर बदलत नाही, म्हणून वाढलेली संहती गडद दिसते. तीच सिरिंज टोकाकडून, लांबीच्या दिशेने पाहिली, तर वायूच्या स्तंभाची लांबी निम्मी झालेली असते आणि रंग खरोखरच मूळच्यापेक्षा फिका दिसतो! म्हणजे आपले जुने विधान एका दिशेपुरते बरोबरच होते. शिवाय झटकन दाबल्याने वायू तापतो आणि रंगहीन वायूचे तपकिरी वायूत होणारे विघटन उष्माग्राही (उष्णता शोषणारे) असल्याने त्या क्षणी तपकिरी वायूचे प्रमाण अधिक राहते. ही अभिक्रिया सेकंदाच्या अतिशय लहान अंशात समतोल गाठते. त्यामुळे डोळ्यांना सावकाश उतरताना दिसणारा रंग हा मुख्यतः वायू पुन्हा खोलीच्या तापमानाला येण्याचा परिणाम असतो. पुस्तके याविषयी सहसा बोलत नाहीत, हे खटकते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. टोकाकडून पाहण्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. याच्याशी जोडूनच विचारतो : आकारमान न बदलता सिरिंजमध्ये आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरून दाब वाढवला, तर?

पहिले उत्तर देणारे :
तर समतोल जागचा हलत नाही, कारण एकूण दाब वाढला तरी दोन्ही वायूंची संहती तीच राहते. मात्र दट्ट्या मोकळा ठेवून, दाब स्थिर राखत आर्गॉन भरल्यास आकारमान वाढते, दोन्ही वायू विरळ होतात आणि विघटन वाढते. म्हणूनच ‘दाब वाढवला’ असे म्हणण्याआधी तो कशाने वाढवला, हे मी विद्यार्थ्यांना लिहायला लावतो. हायड्रोजन आणि आयोडीन वायूंपासून हायड्रोजन आयोडाइड होताना दोन्ही बाजूंना दोन-दोनच रेणू असल्याने तेथे आकारमान बदलूनही समतोल सरकत नाही.