देव कुठे मांडलेत?

गेल्या महिन्यात घर बदललं. फ्रिज कुठे हे दोन मिनिटांत ठरलं, देव कुठे यावर दोन दिवस गेले. ईशान्य कोपऱ्यात नेमका वॉशिंग मशीनचा नळ! शेवटी स्वयंपाकघरात फळी ठोकली. तुमच्याकडे कसं जमलं? काय ठेवलंत, काय काढलंत, सगळं लिहा. वास्तूचे सल्ले तेवढे नकोत, ते सोसायटीच्या ग्रुपवर रोज मिळतात.

डोंबिवली
सासूबाई गेल्यावर गावचे देव आमच्याकडे आले. मोजले तर बावीस. देव्हारा दीड फुटाचा. खंडोबा आणि तुळजाभवानीचे टाक इतके झिजलेत की खंडोबाचा घोडा म्हणजे नुसता उंचवटा. दोन बाळकृष्ण. अन्नपूर्णा तीन, कारण प्रत्येक पिढीतली सून माहेराहून आपली घेऊन आली. गुरुजी म्हणाले, जमतील तेवढे ठेवा, बाकीचे विसर्जन करा. पण कोणाची अन्नपूर्णा पाण्यात सोडायची? माझी तर ओळखता येते, आजेसासूबाईंची कुठली ते सांगणारं कोणी उरलं नाही. तिघींना एकाच वाटीत तांदळात बसवलंय. टाक घासायचे बंद केलेत, नुसत्या ओल्या फडक्याने पुसते.

नागपूर
आमच्याकडे देव नाहीत, पण कोनाडा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा दीक्षाभूमीवर होते. घरी परतले आणि होते नव्हते ते देव नदीत सोडले. त्याच कोनाड्यात आता बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. सकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणतो. जुन्या समईच्या तेलाचा डाग मात्र कितीही चुना द्या, वर येतोच. आजी म्हणायची, राहू द्या.

म्युनिक
नवीन आलेल्यांसाठी: निरांजनाने स्मोक अलार्म वाजत नाही. कापराने वाजतो. आरतीच्या मधोमध.

वसई
आमच्या हॉलमध्ये क्रूस आणि पवित्र मारियेची मूर्ती. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी रोझरी, तेव्हा टीव्ही बंद, यावरून मुलांशी दरवर्षी तंटा. झावळ्यांच्या रविवारी मिळालेली पात वर्षभर क्रूसामागे खोचलेली असते. ती चर्चला परत देतो, तिची राख करतात आणि राखेच्या बुधवारी तीच कपाळाला लागते.

पुणे, हॉस्टेल
लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चुंबकाचा गणपती. टॉवेल काढताना दर्शन. एवढंच.

बंगळुरू
बाबांनी ऐंशी पूर्ण झाल्यावर पंचायतन माझ्याकडे दिलं. त्यातल्या शाळिग्रामाची धास्ती होती. तो घरात असला की रोजचं स्नान आणि नैवेद्य चुकवायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं. आम्ही दोघं नोकरीवाले, महिन्यातून चार दिवस बाहेर. एकदा शेजारच्या काकूंकडे ताम्हनासकट ठेवून गेलो. परत आणायला गेले तर त्यांनी त्याच्यासाठी कुंडीत तुळस लावलेली. म्हणाल्या, "राहू दे गं आणखी चार दिवस, मला सवय झालीय."

याला आता आठ महिने झाले. रविवारी फुलं घेऊन मीच त्यांच्याकडे जाते. बाबा फोनवर विचारतात, "पूजा होते ना रोज?" मी म्हणते, "होते."