अनुभव धागा : चालू होताना झकास, थोड्या वेळात ठप्प!

उन्हाळा लागला की आमच्याकडं एकच तक्रार कानावर येते : कॉम्प्युटर चालू होतो नीट, पण पुढं दहा-पंधरा मिनिटांत गुडघे टेकतो. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी इथं लिहा. ‘फॉरमॅट मार’ एवढाच सल्ला नको, तो चौकातल्या कुठल्याही दुकानात फुकट मिळतो. मशीन नेमकं कधी स्लो झालं ते आवर्जून सांगा. डेस्कटॉप दिसल्याबरोबर, थोडं काम झाल्यावर, की लाइट जाऊन आल्यावर? माझ्या मते निम्मं निदान तिथंच होतं.

परभणी, ई-सेवा केंद्र

जुलैत पीक विम्याची रांग पार रस्त्यावर, अन् सकाळी मशीन लावलं की माउस सुद्धा अडखळायचा. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप ठीक. तोवर लोकांची बोलणी आम्ही खायची. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (आत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, ‘स्टार्टअप’मध्ये, म्हणजे मशीनबरोबर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, पाहिलं तर जत्राच भरलेली. दोन प्रिंटरची सॉफ्टवेअरं (त्यातला एक प्रिंटर कधीच भंगारात गेलाय), स्कॅनर, वेबकॅम, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं मशीन, मीटिंगची अॅपं. टोकन आणि अंगठा ठेवला, बाकी सगळं डिसेबल. डिसेबल केलं म्हणजे सॉफ्टवेअर उडत नाही, लागेल तेव्हा हातानं उघडता येतं. आमचा ऑपरेटर यालाच घाबरत होता. विंडोज ७ असेल तर हीच यादी एमएसकॉन्फिग (msconfig) नावाच्या विंडोजच्याच प्रोग्राममध्ये सापडते.

फरक पडला, पण पूर्ण नाही. टास्क मॅनेजरात डिस्क तरी १०० टक्क्यांवरच. जुनी हार्डडिस्क होती. चालू झाल्या झाल्या विंडोजचं अपडेट, अँटीव्हायरसचं स्कॅन अन् फायलींचं इंडेक्सिंग (शोधण्यासाठी यादी बनवणं) एकदमच तिच्यावर तुटून पडायचं. शेवटी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) टाकली, जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल करून, त्यामुळं सगळी सेटिंग जशीच्या तशी. त्यानंतर रांगेतल्या कुणी आवाज चढवला नाही. निदान कॉम्प्युटरवरून तरी.

लातूर, दुरुस्तीचं दुकान

परभणीकरांचं बरोबर, पण त्यांचं मशीन सुरुवातीला स्लो आणि मग ठीक होतं. उलटं असेल, म्हणजे आधी पळतंय आणि काम वाढलं की बसतंय, तर आधी उष्णता तपासा. प्रोसेसर बऱ्याचदा १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. तो बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो. बाहेर ४२-४३ अंश आणि वर पत्र्याचं छत असेल, तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

पाहायचं कसं? टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम चालू असताना तो ३ वरून १ च्या खाली आला तर संशय घ्या. कोअर टेम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तापमानही दिसतं. मग मशीन बंद, वायर काढलेली, अंगणात नेऊन ब्लोअर मारा. पंखा मात्र बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उघडलाच तर त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावल्यानं जास्त थंड होत नाही. आणि कूलरचं तोंड कॅबिनेटकडं करून ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती, ती ओली हवा तिकडं मारू नका.

जालना

लातूरकर, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) ऑफिसात येऊन बघा एकदा. आमच्या हीटसिंकवर धूळ नसते, कापसाची गादी असते! हंगामात दर महिन्याला साफ करतो. टेबलाखालचं कॅबिनेट वर घेतलं, तेव्हापासून जरा कमी बसायलाय.

अंबाजोगाई, शिक्षिका

माझं वेगळंच निघालं. लॅपटॉप बॅटरीवर छान चालायचा, चार्जर लावला की रडायला लागायचा. गरम नाही, व्हायरस नाही. जुना चार्जर जळाल्यावर बाजारातून स्वस्तातला घेतला होता. चालू होताना चार्जर ओळखता येत नाही अशी एक ओळ झळकायची, आम्ही घाईत एंटर दाबून पुढं जायचो. काही लॅपटॉप असा अनोळखी चार्जर दिसला की प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडून ठेवतात. कंपनीचा चार्जर आणला, विषय संपला.

नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

सेकंडहँड डेस्कटॉप. विकणाऱ्यानं त्यात क्रॅक मारलेली सॉफ्टवेअरं भरभरून दिलेली. दोन मिनिटं हात लावला नाही की पंखा घोंघावायचा, अन् टास्क मॅनेजर उघडला की एकदम शांत! हीच खूण. लपून क्रिप्टोकरन्सी मायनिंग करणारे, म्हणजे आपलं मशीन राबवून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणारे, काही प्रोग्राम टास्क मॅनेजर दिसताच थांबतात. डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवलं, ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं. घाण निघाली, तरी मी विंडोज नव्यानंच टाकलं. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड कोण टाकणार?

हिंगोली

थोडक्यात : ‘शट डाउन’ नाही, ‘रीस्टार्ट’ करून बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टमचा भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो, म्हणजे सिस्टम पूर्ण नव्यानं सुरूच होत नाही. रीस्टार्ट केलं की होते. टास्क मॅनेजरात ‘अप टाइम’ (सिस्टम किती वेळ सलग चालू आहे) बघा. रोज रात्री बंद करूनही आमच्या ऑफिसच्या मशीनवर कैक दिवस दिसायले होते.

बीड

वाचून सगळं करून पाहिलं. स्टार्टअप रिकामा, धूळ नाही, चार्जरचा प्रश्नच नाही, डेस्कटॉप आहे. रॅम ४ जीबी. पण फाइल उघडताना मधूनच सगळं गोठतं अन् आतून कटकट आवाज येतोय. विंडोज १० चा फुकट सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, मग आता नवीनच घ्यावं का?

लातूर, दुरुस्तीचं दुकान

बीडकर, नव्याजुन्याचं नंतर बघू. कटकट म्हणजे हार्डडिस्क जायच्या वाटेवर असू शकते. डीफ्रॅग (डिस्कवरच्या विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) नको, स्कॅन नको, फॉरमॅट तर मुळीच नको. आज आधी फोटो, सातबाऱ्याच्या फायली, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि तिथं पिवळं दिसतंय की लाल, ते इथं कळवा.